हृदयस्नायूतील दाहक्षत आणि यंत्रावरील आकडे

हृदयाची लय बिघडविणारा एखादा विद्युन्मार्ग छाती न उघडता निकामी करण्याच्या पद्धतीस कॅथेटर अब्लेशन असे नाव आहे. मांडीच्या सांध्यातील नीलेतून सुमारे सव्वादोन मिलिमीटर जाडीची एक लवचीक नळी हृदयाच्या कप्प्यात नेतात, तिच्या टोकाचे धातूचे विद्युदग्र हृदयाच्या आतल्या पृष्ठभागावर टेकवितात आणि त्यातून सुमारे पाच लक्ष कंप्रतेचा विद्युत्प्रवाह काही सेकंद सोडतात. टोकाखालील स्नायू तापतो, मरतो आणि काही आठवड्यांनी त्या जागी तंतुमय वण तयार होतो. वणातून विद्युत्संदेश जात नाही. ह्या मृत भागास येथे ‘क्षत’ असे म्हटले आहे. क्षत किती रुंद, किती खोल आणि किती टिकाऊ होईल ह्यावर सर्व उपचाराचे फलित अवलंबून असते. आणि वैद्याच्या हाती मात्र असतात ते यंत्रावरील काही आकडे: वॅट, सेकंद, अंश, ओहम आणि अलीकडच्या कॅथेटरांत ग्रॅम.

ह्या आकड्यांविषयी एक गैरसमज फार सहज होतो. औषधाच्या मिलिग्रॅमप्रमाणे ‘३० वॅट, ३० सेकंद’ ही जणू उष्णतेची एक मात्राच आहे, असे वाटू लागते. वस्तुस्थिती तशी नाही. यंत्रावरील आकडा यंत्रातून काय बाहेर पडले ते सांगतो. स्नायूस काय पोहोचले ते सांगत नाही. एकाच मापावर एका ठिकाणी जेमतेम दीड मिलिमीटरचे क्षत पडते, तर दुसऱ्या ठिकाणी स्नायूच्या आत वाफ होऊन तो फुटतो. आणि चूक दोन्ही बाजूंनी महाग असते. क्षत उथळ राहिले तर स्नायू केवळ बधिर होतो, काही दिवसांनी जागा होतो आणि रोग परततो. क्षत अति खोल गेले तर हृदयाची भिंत भेदून हृदयावरणात रक्त साचू शकते. डाव्या अलिंदाच्या मागील भिंतीवर काम चालू असेल, तर तिला जवळजवळ चिकटून असलेली अन्ननलिका भाजते. अशा भाजण्यातून काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अलिंद आणि अन्ननलिका ह्यांच्यामध्ये पडणारे भगदाड विरळ असले तरी बहुधा प्राणघातक ठरते.

ह्या प्रश्नाचे स्वरूप समजावून घेण्यासाठी छत्रपती संभाजीनगरनजीकच्या बजाजनगर-वाळूज परिसराकडे पाहणे उपयुक्त ठरेल. येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास वाहनांचे सुटे भाग बनविणारे लहानमोठे उद्योग उभे राहिले. अशा उद्योगांत पत्र्यास पत्रा जोडण्याची सर्वपरिचित रीत म्हणजे स्पॉट वेल्डिंग. तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबून धरावयाचे, क्षणभर प्रचंड प्रवाह सोडावयाचा आणि पत्र्यांच्या मधोमध धातू वितळून टाका पडू द्यावयाचा. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यास आठ-दहा हजार अँपिअर, सेकंदाचा पाचवा हिस्सा आणि सुमारे दोनशे किलोग्रॅम भार अशी साधारण मापे असतात. प्रवाह, वेळ आणि दाब ह्या तीन गोष्टींवर टाक्याचा आकार ठरतो. माप कमी पडले तर पत्रे वरून जोडल्यासारखे दिसतात पण उचकटतात. जास्त झाले तर वितळलेला धातू ठिणग्यांसह बाहेर उडतो. कॅथेटरच्या टोकाशी घडणारी घटना तत्त्वतः हीच आहे. प्रवाहाचा वर्ग, रोध आणि वेळ ह्यांच्या गुणाकाराइतकी उष्णता, हा जूलचा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

साम्य येथवर चालते. परंतु एक भेद मूलगामी आहे. कारखान्यातील कामगार ठरावीक नगांनंतर एक नमुना बाजूला काढतो, छिन्नी मारून पत्रे उचकटतो आणि टाक्याचा व्यास प्रत्यक्ष मोजतो. व्यास कमी भरला की यंत्राची मापे बदलतात. आकड्यावर विश्वास ठेवता येतो तो ह्या उचकटून पाहण्यामुळे. हृदयाच्या बाबतीत असा नमुना कधीच हाती लागत नाही. म्हणूनच क्षताच्या आकाराचे अनुमान अप्रत्यक्ष खुणांवरून करावे लागते आणि ह्या विषयातील गेल्या तीन-चार दशकांचे बहुतेक संशोधन ह्या खुणांच्या शोधाचेच आहे.

प्रारंभी खुणांची चिंता कोणी फारशी केली नव्हती. १९८२ मध्ये अमेरिकेत माणसाच्या हृदयात कॅथेटरने पहिले क्षत पाडले गेले, ते बाह्य विद्युत्धक्क्याच्या यंत्राचा एकदिश झटका नळीवाटे आत देऊन. टोकाशी ठिणगी पडे, वायूचा बुडबुडा फुटे आणि दाबलहरीने भोवतालच्या स्नायूलाही इजा होई. क्षत उष्णतेचे किती आणि स्फोटाचे किती, हे सांगणे कठीण होते. दुसरीकडे, अतिउच्च कंप्रतेचा प्रवाह स्नायूस आकुंचित न करता शरीरातून जाऊ शकतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोन्व्हाल ह्याने १८९१ मध्येच दाखविले होते, आणि १९२० नंतरच्या दशकात बोव्ही व कुशिंग ह्यांनी तो प्रवाह शस्त्रक्रियेत कापण्यासाठी व रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरात आणला होता. तोच प्रवाह हृदयात वापरण्याचे प्रयोग १९८० नंतरच्या दशकात झाले आणि १९९१ मध्ये जॅकमन व सहकाऱ्यांनी जन्मजात जादा विद्युन्मार्ग असलेल्या १६६ रुग्णांपैकी १६४ जणांत तो मार्ग बंद पाडल्याचे प्रसिद्ध केले. ह्या उज्ज्वल यशाच्या मागे एक लहान आकडा झाकला जातो: त्यांपैकी १५ जणांत बंद झालेला मार्ग पुन्हा सुरू झाला. तो का सुरू झाला, ह्याचे उत्तर तापमानाच्या वितरणात आहे.

विद्युदग्रातून निघालेला प्रवाह रुग्णाच्या पाठीवर किंवा मांडीवर चिकटविलेल्या मोठ्या पट्टीकडे जातो. टोकापाशी तो दाट असतो आणि दूर जाताना पसरतो. टोक गोलाकार मानले तर प्रवाहाची घनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि तिच्यामुळे निर्माण होणारी उष्णता घनतेच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की उष्णतानिर्मिती सोळा पटींनी कमी! ह्याचा अर्थ असा की प्रवाहाने प्रत्यक्ष तापतो तो टोकालगतचा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा थर. त्यापलीकडचे सर्व क्षत ह्या तापलेल्या थरातून वहनाने झिरपणाऱ्या उष्णतेचे असते. पहिली क्रिया तत्काळ होते, दुसरीस वेळ लागतो. प्रवाह कायम ठेवला असता क्षताची वाढ आरंभी झपाट्याने आणि पुढे मंदगतीने होते. अंतिम आकाराचा निम्मा भाग पहिल्या पाच ते दहा सेकंदांत आणि जवळजवळ सर्व भाग अर्ध्या ते एका मिनिटात पुरा होतो. त्यानंतर उष्णतेची आवक आणि रक्तप्रवाहाने होणारे शीतन ह्यांचा तोल साधतो व क्षत थबकते.

हेन्स आणि वॉटसन ह्यांनी १९८९ मध्ये ह्या समतोल अवस्थेचे एक सोपे गणित मांडले. त्यांच्या मते तापमान उष्णतास्रोताच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरत जाते. शरीराचे तापमान ३७ अंश आणि स्नायू कायमचा मरण्याची सीमा सुमारे ५० अंश धरली, तर क्षताची त्रिज्या आणि स्रोताची त्रिज्या ह्यांचे गुणोत्तर सहज काढता येते. स्पर्शस्थानी ६० अंश राखले तर हे गुणोत्तर १.८ भरते, ८० अंश राखले तर ३.३, आणि १०० अंशांवर ४.८. म्हणजे ६० वरून ८० अंशांवर गेल्याने क्षताची त्रिज्या जवळजवळ दुप्पट होते. मोह होतो तो येथेच. परंतु १०० अंशांवर रक्त व स्नायूतील पाणी उकळते, टोकावर रक्ताचा कोळसेवजा थर चढतो, संरोध एकाएकी वाढतो आणि प्रवाह खुंटतो. शिवाय तो थर सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघाताचे भय. सुरुवातीच्या कॅथेटरांत टोकाचे तापमान ६० ते ७० अंशांच्या आसपास रोखण्याची जी प्रथा पडली तिचे कारण हे होय.

५० अंशांची सीमा ही मात्र रेघ नव्हे, पट्टा आहे. साधारण ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान पेशीची विद्युत्क्षमता नाहीशी होते, परंतु पेशी मरेलच असे नाही; तापमान उतरल्यावर ती पूर्ववत् होऊ शकते. क्षताच्या कडेस असा बधिर, सुजलेल्या स्नायूचा पट्टा नेहमीच असतो. विद्युन्मार्ग नेमका त्या पट्ट्यात सापडला, तर टेबलावर तो बंद पडल्याचे दिसते, वैद्य आणि रुग्ण दोघेही समाधानाने घरी जातात आणि काही दिवसांनी धडधड पुन्हा सुरू होते. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्डो येथील आसागेर व सहकाऱ्यांनी अलिंदाच्या अनियमित कंपनाचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे, उगमस्थान बहुधा फुफ्फुस-नीलांच्या मुखाशी असते असे दाखविल्यापासून ह्या पट्ट्यास अधिकच महत्त्व आले. कारण आता एक मार्ग तोडून भागत नाही. नीलांच्या मुखाभोवती अनेक क्षतांचे सलग कडे घालावे लागते आणि त्यातील एक बधिर दुवा जागा झाला तरी कडे तुटते.

आता तापमानाच्या आकड्याकडे वळावयास हवे, कारण फसगत सर्वाधिक होते ती येथे. थर्मोकपल टोकाच्या धातूत बसविलेले असते आणि ते धातूचे तापमान सांगते. धातूवरून रक्त वाहत असते. ते धातूस आणि स्नायूच्या पृष्ठभागास सतत थंड करते, परंतु पृष्ठभागाखालच्या स्नायूपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. म्हणून सर्वाधिक तापमान पृष्ठभागावर नसून थोडे आत असते. जेथे रक्त वेगाने वाहते तेथे टोक थंड राहते, तापमानाच्या मर्यादेवर चालणारे यंत्र अधिक वॅट सोडते आणि क्षत मोठे होते; जेथे रक्त संथ असते तेथे टोक लवकर तापते, यंत्र वॅट कमी करते आणि क्षत लहान राहते. थंडपणाने भाजणे वाढावे हा विरोधाभास वरवर चमत्कारिक वाटतो, पण स्पॉट वेल्डिंगच्या तांब्याच्या टोकांतून पाणी खेळविणाऱ्या कामगारास तो मुळीच चमत्कारिक वाटणार नाही. पत्र्याचा बाह्य पृष्ठभाग थंड ठेवूनच आतल्या सांध्यावर टाका पाडता येतो, हे त्याचे रोजचे काम आहे.

हीच युक्ती १९९५ च्या सुमारास कॅथेटरात आली. टोकास सूक्ष्म छिद्रे पाडून त्यांतून मिनिटास सतरा ते तीस मिलिलिटर सलाइन सोडतात. गुठळीचा धोका घटला, अधिक वॅट देता येऊ लागले आणि निलयाच्या सेंटिमीटरभर जाड भिंतीतही उपयोगी क्षत पडू लागले. पण एक खूण गमावली. टोकावर ३८ अंश दिसत असताना तीन मिलिमीटर आत शंभर अंश असू शकतात. आत वाफ कोंडली की ती फुटते. कधी कधी तिचा ‘फट्’ असा आवाज ऐकू येतो. अशा कॅथेटराच्या बाबतीत तापमानाचा आकडा सुरक्षिततेची ग्वाही मुळीच देत नाही.

वॅटचा आकडाही दिसतो तितका भाबडा नाही. एकाच शक्तीवर प्रवाह किती वाहील हे संपूर्ण मंडलाच्या संरोधावर ठरते. ३० वॅट शक्तीस संरोध १२० ओहम असेल तर प्रवाह ०.५ अँपिअर भरतो. ८० ओहम असेल तर सुमारे ०.६१. टोकालगतच्या स्नायूत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे, टोकाजवळची परिस्थिती तीच असूनही दुसऱ्या रुग्णात ती दीडपट होते! यंत्रावर मात्र दोन्ही वेळा ३० हाच आकडा. अंगलट, छातीतील हवा, पाठीवरच्या पट्टीचे क्षेत्रफळ आणि तिची जागा ह्या सर्वांचा ह्यात भाग आहे. दुसरी पट्टी जोडली की संरोध उतरतो आणि त्याच वॅटवर क्षत वाढते. ह्याउलट सलाइनचे मीठ निम्मे केले, तर टोकाभोवतीचा द्रव कमी वाहक होतो, प्रवाह बाजूने निसटण्याऐवजी स्नायूकडे अधिक वळतो आणि खोल क्षत मिळते. निलयाच्या हट्टी लयदोषांत ही क्लृप्ती काही ठिकाणी वापरतात. वाफेचे स्फोट तिच्यामुळे वाढतात हेही तितकेच खरे.

त्यातल्या त्यात संरोधाची घट ही विश्वासार्ह खूण आहे. स्नायू तापला की त्यातील आयन अधिक सहज फिरतात. दर अंशास सुमारे दोन टक्के रोध कमी होतो. म्हणून पहिल्या काही सेकंदांत संरोध दहा ओहमच्या आसपास उतरला, तर उष्णता स्नायूत पोहोचली असे समजतात; तो हललाच नाही, तर टोक बहुधा रक्तातच तरंगत आहे. घट फार मोठी आणि फार जलद असेल, तर वाफेची पूर्वसूचना.

टोक तरंगत आहे की टेकले आहे, हा प्रश्न वाटतो त्याहून गंभीर आहे. रक्त स्नायूपेक्षा अधिक वाहक आहे. त्यामुळे स्पर्श हलका असेल तर बहुतेक प्रवाह रक्तात जाऊन वाया जातो. येथे वेल्डिंगचे साम्य उलटे होते, आणि विद्यार्थ्यांनी ते ध्यानात ठेवणे बरे. पत्र्यावरचा दाब वाढविला की स्पर्शरोध घटतो आणि टाका लहान होतो. हृदयात दाब वाढविला की विद्युदग्राचा अधिक भाग स्नायूत रुततो, प्रवाहाचा स्नायूकडील वाटा वाढतो आणि क्षत मोठे होते. दाबही किती, तर दहा-वीस ग्रॅमचा! स्पंदनागणिक आणि श्वासागणिक तो बदलतो. २०१० च्या आसपास टोकाशी दाबमापक असलेली कॅथेटरे आली तेव्हा निष्णात हातांनाही आपण किती दाबतो ह्याचा अंदाज नसतो, हे उघड झाले. टोकाटा ह्या नावाने झालेल्या लहानशा अभ्यासाचा २०१२ मधील निष्कर्ष बोलका आहे: ज्या रुग्णांत सरासरी दाब १० ग्रॅमहून कमी होता त्या सर्वांत रोग परतला, आणि ज्यांत तो २० ग्रॅमहून अधिक होता त्यांपैकी ८० टक्के रुग्ण वर्षभर रोगमुक्त राहिले.

पुढे दाब आणि वेळ ह्यांचा गुणाकार, आणि त्यानंतर दाब, शक्ती व वेळ ह्या तिन्हींना निरनिराळे घात देऊन काढलेला ‘अब्लेशन इंडेक्स’ हा एकच आकडा प्रचारात आला. अलिंदाच्या पुढील भिंतीवर ५५० आणि अन्ननलिकेलगतच्या मागील भिंतीवर ४०० हे त्याचे रूढ लक्ष्य आहे. हा निर्देशांक खचितच उपयुक्त आहे. पण त्याचे घातांक प्राण्यांच्या हृदयावरील प्रयोगांतून जुळविलेले आहेत आणि त्यात संरोध नाही, रक्ताचा वेग नाही, भिंतीची जाडीही नाही. ‘४०० झाले’ म्हणजे ‘क्षत झाले’ असे मानणे हा पहिल्याच गैरसमजाचा सुधारलेला अवतार होय.

वेळेच्या बाबतीत अलीकडे उलटी दिशा दिसते. ३० वॅट ३० सेकंद ह्याऐवजी ५० वॅट दहाएक सेकंद, आणि २०१९ पासून ९० वॅट केवळ ४ सेकंद असेही प्रयोग झाले आहेत. एकूण ऊर्जा ९०० जूलवरून ३६० वर येते, तरी क्षत पडते. कारण भर वहनावरून प्रत्यक्ष प्रवाहतापनावर सरकतो. क्षत रुंद आणि उथळ होते, आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या अलिंदभिंतीस तेच हवे असते. मात्र प्रवाह थांबला म्हणजे उष्णता थांबली असे नव्हे. तापलेला थर आत उष्णता ढकलत राहतो आणि खोलवरचे तापमान आणखी काही सेकंद चढते. चार सेकंदांच्या प्रयोगात चूक सुधारण्यास अवधीही उरत नाही: तिसऱ्या सेकंदास टोक घसरले तर ते कळेपर्यंत काम आटोपलेले असते.

उष्णतेचा आश्रय न घेता तीव्र विद्युत्क्षेत्राच्या सूक्ष्म स्पंदांनी पेशीच्या आवरणास कायमची छिद्रे पाडण्याची पद्धत २०२१ पासून युरोपात व २०२३ च्या अखेरीपासून अमेरिकेत मान्य झाली आहे. अन्ननलिकेपेक्षा हृदयस्नायू अशा क्षेत्रास लवकर बळी पडतो, हा तिचा मोठा गुण. तथापि तेथेही यंत्रावरील व्होल्ट आणि स्नायूतील दर सेंटिमीटरचे व्होल्ट ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि बधिर पट्टा तेथेही आहेच.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्यातील पुष्कळसा भाग प्रयोगशाळेत पडताळून पाहता येण्यासारखा आहे. बोकडाचे ताजे हृदय, ३७ अंशांवर राखलेले सलाइनचे पात्र, त्यात प्रवाह खेळविणारा लहान पंप, उच्च कंप्रतेचे एक जनित्र आणि पृष्ठभागाखाली ठरावीक खोलींवर खोचलेली तीन-चार थर्मोकपले एवढी सामग्री पुरते. दाब वजनांनी देता येतो, संरोध पट्टीच्या क्षेत्रफळाने बदलता येतो. प्रयोगानंतर स्नायू उभा चिरून टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवला की जिवंत भाग विटकरी लाल रंगतो आणि मेलेला भाग फिकट राहतो. त्याची खोली साध्या मोजपट्टीने मोजावी. कारखान्यातील छिन्नीचे काम येथे हा रंग करतो. अशा प्रयोगात स्नायूच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मात्र रिकाम्या असतात, त्यामुळे आतून होणारे शीतन शून्य असते. पेन्स ह्याच्या १९४८ मधील जैविक उष्णतासमीकरणातील रक्ताभिसरणाचे पद तेथे गाळावे लागते, आणि मिळालेली खोली धडधडत्या हृदयातील खोलीपेक्षा काहीशी अधिकच भरते.